दोन लक्ष्म्या, एक मोबाईल: सीमाभागातल्या एका चुकीच्या जोडणीचं प्रकरण

बेळगावहून वेंगुर्ला रोडने बाची ओलांडली की शिनोळी लागते. तिथे कर्नाटक संपतो आणि महाराष्ट्रातला चंदगड तालुका सुरू होतो. सोयरीक मात्र त्या रेषेवर थांबत नाही. उचगाव, तुरमुरी, कुद्रेमनी भागातल्या मुली चंदगड-गडहिंग्लजला दिलेल्या, तिकडच्या इकडे आलेल्या. पहिलं बाळंतपण माहेरी करायचा रिवाज दोन्ही बाजूंना आहे. त्यामुळे अशा बाईच्या गर्भारपणाचे पहिले सहा-सात महिने एका राज्याच्या आरोग्य खात्याकडे नोंदले जातात आणि उरलेले दुसऱ्याकडे. सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हा राज्यघटनेनुसार राज्यसूचीतला विषय आहे. आपल्याकडची 'राष्ट्रीय' आरोग्य नोंद म्हणजे राज्याराज्यांच्या नोंदी एकमेकींना बांधणारी दोरी, आणि ती कशी बांधली जाते हे शिनोळीसारख्या ठिकाणी उघड दिसतं.

या प्रकरणातल्या बाईची ओळख पटेल असा कुठलाच तपशील इथे ठेवलेला नाही. पण सगळा घोळ नावावरूनच झाल्यामुळे एक नाव लागेल. ते लक्ष्मी धरू.

घडलं काय

लक्ष्मीचं माहेर बेळगाव तालुक्यात, सासर चंदगड तालुक्यात. पहिली खेप. सासरच्या उपकेंद्रात नाव घातलं, रक्त-लघवी तपासली. आरोग्यसेविकेने माता-बाल संरक्षण कार्डावर पेनने रक्तगट लिहिला: ओ निगेटिव्ह. 'आभा', म्हणजे आरोग्य-नोंदी जोडायचा देशपातळीवरचा क्रमांक, तोही तिथेच आधारवरून काढून दिला. आधारला मोबाईल जोडलेला होता माहेरचा, भावाचा. लग्नाआधीचं आधार कार्ड अजून बदललं नव्हतं, त्यामुळे आडनावही माहेरचंच.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि ती माहेरी आली. आईबरोबर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली. चिठ्ठी करणाऱ्या मुलाने नाव विचारलं, मोबाईल विचारला. मोबाईल टाकताच पडद्यावर एक जुनी रुग्ण आली: लक्ष्मी, तेच आडनाव, जन्मतारीख १ जून, साल एकाने पुढचं. 'हीच व्यक्ती आहे का?' असं विचारणाऱ्या चौकटीत त्याने 'होय' दाबलं. मागे रांग होती. पुढे 'आभा' क्रमांक घातला, भावाच्या फोनवर आलेला ओटीपी सांगितला गेला, आणि केंद्रातल्या त्या जुन्या नोंदी या लक्ष्मीच्या आभाला जोडल्या गेल्या. नव्या तायी कार्डावर, म्हणजे कर्नाटकातल्या माता कार्डावर, रक्तगट छापून आला: बी पॉझिटिव्ह.

ते कुणाच्या लक्षात आलं नाही. चंदगडचं कार्ड घरी, पिशवीत.

पुढच्या भेटीला सिस्टर पडद्यावरची माहिती वाचत होत्या. आधीची बाळंतपणं: एक. त्यांनी सहज विचारलं, "पहिल्याला कुठं ठेवून आलीस गं? सासूकडं?"

"कुठलं पहिलं, सिस्टर? माझं हेच पहिलं की."

आई शेजारी बसली होती. तिला पटकन उमगलं. "ते आमच्या धाकट्या जावेच्या लेकीचं असणार बघा. तीबी लक्ष्मीच. आमच्या सासूबाईंचं नाव ठेवलंय दोघींना."

सिस्टरनी पडदा सोडून पोट तपासलं, आणि जुनं कार्ड घेऊन यायला सांगितलं. कार्डावर ओ निगेटिव्ह आणि पडद्यावर बी पॉझिटिव्ह. दोन्हीवर विश्वास न ठेवता त्यांनी प्रयोगशाळेत पुन्हा रक्तगट करून घेतला. ओ निगेटिव्ह निघाला. तेव्हा एकोणतिसावा आठवडा सुरू होता. इनडायरेक्ट कूम्ब्स चाचणी (आईच्या रक्तात बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडं आधीच तयार झालीत का हे बघणारी) निगेटिव्ह आल्यावर तिला अँटी-डी इंजेक्शन मिळालं.

हा रक्तगट चुकणं एवढं मोठं का

रक्त चढवायची वेळ आली तर रक्तपेढी कार्डावर विसंबत नाही. गट पुन्हा बघते, क्रॉसमॅच करते म्हणजे दोघांचं रक्त जुळतं का ते तपासते, त्यामुळे तिथे ही चूक बहुधा पकडली जाते. अँटी-डीचं तसं नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळाच्या रक्तपेशी आईच्या रक्तात मिसळून तिचं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं. ते टाळायला साधारण २८व्या आठवड्यात आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी द्यायचं असतं. कुणाला द्यायचं हे गावपातळीवर कार्ड बघूनच ठरतं. कार्डावर 'पॉझिटिव्ह' असेल तर तो प्रश्न कुणी काढतच नाही.

आणि काढला नाही तर लगेच काही बिघडत नाही. हे बाळ धडधाकट जन्मतं, बारसं होतं. फटका बसतो पुढच्या खेपेला, कदाचित तीन-चार वर्षांनी, वेगळ्या दवाखान्यात, कदाचित वेगळ्या राज्यात. तोवर कुठल्या चिठ्ठीवर कुणी 'होय' दाबलं होतं हे शोधणार कोण? आपल्याकडे आरएच निगेटिव्ह माणसं शंभरात पाचेक. म्हणजे चुकीच्या जोडणीत रक्तगट चुकला तरी बहुतेक वेळा निगेटिव्ह-पॉझिटिव्हचा फरक पडतच नाही, चूक पचून जाते, आणि पद्धत ठीक चालली आहे असं सगळ्यांना वाटत राहतं.

दुसरी बाजू वैद्यकीय नाही, पण सीमाभागातल्या कुठल्याही बाईला पहिल्यांदा तीच दिसेल. लक्ष्मीच्या आभा ॲपमध्ये आधीचं एक बाळंतपण दिसत होतं. ॲप भावाच्या फोनवर होतं म्हणून निभावलं. तोच फोन सासरी असता तर? लग्नाआधीचं बाळंतपण अशी नोंद नवऱ्याच्या किंवा सासूच्या नजरेला पडल्यावर 'संगणकाची चूक' हे कुणी ऐकून घेतलं असतं का? आरोग्य-नोंदींच्या गोपनीयतेवर बोलताना डेटा चोरीची भीती फार घालतात. इथे चोरी झाली नव्हती, सगळं नियमाप्रमाणे, ओटीपी घेऊन झालं होतं.

जोडणी चुकली कशी

चिठ्ठीवरच्या मुलाला दोष देऊन मोकळं होणं सोपं होतं. पण पडद्यावर त्याला जे दिसलं त्यावरून तुम्ही-आम्हीही 'होय'च दाबलं असतं.

मोबाईल एकच होता कारण घर एकच होतं. एकत्र कुटुंब, दोघी चुलत बहिणींनी वेगवेगळ्या वेळी त्याच भावाचा नंबर दिला, कारण दिवसा रेंजमध्ये असणारा आणि ओटीपी वाचून सांगणारा तोच. नाव एकच होतं कारण दोघींना वारलेल्या आजीचं नाव ठेवलेलं. सुना सासूचं नाव तोंडाने घेत नाहीत, म्हणून घरात एक ताई आणि दुसरी छकुली. 'लक्ष्मी' फक्त कागदावर. चुलत बहीणही बेळगाव तालुक्यातच दिलेली, पण तिच्याही आधारवर आडनाव माहेरचंच राहिलेलं. जन्मतारीख १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी अख्ख्या वर्गाची तीच लिहिली. हे आपल्याकडे इतकं सर्रास आहे की १ जूनला अर्ध्या गावाचा वाढदिवस असतो.

म्हणजे नाव, आडनाव, मोबाईल, दिवस, महिना असं पाच ठिकाणी जुळलं, आणि पाचपैकी एकही गोष्ट या दोघींना वेगळं करू शकत नव्हती.

याचं गणित जुनं आहे. इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी १९६९ मध्ये नोंदी जुळवण्याची रीत मांडली, तिचा गाभा असा: दोन नोंदींत एखादी गोष्ट जुळली तर तिला किती वजन द्यायचं हे, ती गोष्ट दोन परक्या माणसांत निव्वळ योगायोगाने किती वेळा जुळते त्यावर ठरवायचं. दुर्मीळ आडनाव जुळलं तर वजन भारी. बेळगाव-चंदगड पट्ट्यात 'पाटील' जुळलं तर जवळपास शून्य. १ जूनलाही शून्य. एकाच मोबाईलवरून घर कळतं, घरातलं माणूस कळत नाही. केंद्रातल्या सॉफ्टवेअरमध्ये ही वजनं सगळीकडे सारखीच होती. मोबाईलला तर सर्वांत जास्त, कारण तो 'पडताळलेला' धरला जातो. पडताळलेला म्हणजे फोन कुणाच्या तरी हातात आहे इतकंच.

नावाच्या स्पेलिंगचा भाग वेगळाच. एका लक्ष्मीच्या आधारवर इंग्रजीत 'एक्स' होता, दुसरीच्या 'के-एस-एच'. उच्चारावरून नावं जुळवायची साऊंडेक्स नावाची पद्धत आहे, १९१८ मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं गेलं आणि अजून ती बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये घुसलेली असते. तिच्या हिशेबात दोन्ही लक्ष्म्यांचा संकेत एकच येतो, एल-२५०. इथवर बरोबरच. पण हीच पद्धत ज्ञानेश्वरला हरते. कर्नाटकी वळणाने लिहिणारा 'जे'ने सुरुवात करतो, मराठी वळणाचा 'डी'ने, एखादा 'जी'ने. आणि साऊंडेक्स पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते. त्यामुळे एकच ज्ञानेश्वर तिला तीन माणसं वाटतात आणि दोन लक्ष्म्या एक.

खरं तर आपल्या दवाखान्यांत नावं आधी कन्नड किंवा देवनागरीत असतात आणि इंग्रजीत नंतर जातात. ती इंग्रजीतून जुळवायचीच कशाला? युनिकोडमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी समांतर केलेली आहे. देवनागरी 'क' आणि कन्नड 'क' यांच्या क्रमांकांत ८९६ चा फरक आहे, आणि बहुतेक अक्षरांना तोच फरक लागू पडतो. कन्नडमधले ऱ्हस्व ए-ओ तेवढे मराठीच्या ए-ओत मिसळून घ्यायचे. कन्नडात लिहिलेलं नाव थेट देवनागरीत आणून तुलना केली तर इंग्रजी स्पेलिंगचा गोंधळ वाटेतच गळतो. 'लक्ष्मव्वा' आणि 'लक्ष्मी' एकच की दोन हा प्रश्न तरीही उरतोच, पण तो माणसाला विचारायचा प्रश्न आहे.

क्रमांक असून असं कसं झालं

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. त्यात आभा क्रमांक १४ अंकी आहे आणि तो ऐच्छिक आहे. सगळ्यांच्या नोंदी दिल्लीत एका जागी साठवायच्या, असं त्याचं स्वरूप नाही. नोंद जिथे तयार झाली त्या दवाखान्याकडेच राहते. रुग्णाने संमती दिली की ती मागणाऱ्याला पाठवली जाते. ही रचना मला पटते. कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यासारख्या दोन राज्यांना एका कपाटात फायली ठेवायला सांगून त्यांनी ऐकलं असतं असं वाटत नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटकाने लगेच हरकत घेतली. योजना कुणाची यावर भांडण झालं. त्या गावांतल्या बायकांच्या नोंदी कुणाकडे आणि कशा फिरतात याचं तेव्हाही कुणाला सोयरसुतक नव्हतं.

पण या रचनेत एक काम गुपचूप तळाला ढकललेलं आहे. 'आपल्याकडची कुठली नोंद या आभाची' हे दवाखान्याच्या सॉफ्टवेअरने ठरवायचं. चौदा अंक कितीही अचूक असोत, ते ज्या नोंदीला बांधले ती दुसरीचीच असेल तर काय कामाचे? इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा क्रमांक दहा अंकी आहे. २००२ साली तिथे सुरू झालेला मोठा संगणकीकरण कार्यक्रम २०११ मध्ये गुंडाळावा लागला, क्रमांक मात्र टिकला. त्याचा शेवटचा अंक आधीच्या नऊ अंकांवरून काढलेला असतो, आपल्या आधारच्या बाराव्या अंकासारखाच. एखादा अंक चुकीचा टाइप झाला तर संगणक अडतो. चुकीची बाई समोर बसली तर अडत नाही.

रक्तगट कार्डावर कसा उतरला, हे त्याहून खोलातलं. केंद्रातल्या सॉफ्टवेअरने रक्तगट नाव, लिंग, जन्मसाल यांच्याच रांगेत ठेवला होता. माणसाचा रक्तगट बदलत नाही, मग एकदा भरला की झालं, असा विचार. त्यामुळे तो कधी, कुठल्या प्रयोगशाळेत, कुणी केला याची खूणच नव्हती. देशात ज्या एफएचआयआर मानकावर नोंदींची देवाणघेवाण ठरली आहे, त्यात रुग्णाच्या मूळ माहितीत रक्तगटाचा रकानाच नाही. रक्तगट तिथे तपासणीचा निष्कर्ष म्हणून, तारीख आणि करणाऱ्याच्या उल्लेखासह येतो. ती केवळ तांत्रिक काटेकोरपणाची गोष्ट असती तर मी ती इथे लिहिली नसती. तारीख छापलेली असती तर लक्ष्मी माहेरी यायच्या वर्ष-दीड वर्ष आधीची तपासणी म्हणून सिस्टरना पहिल्याच भेटीत शंका आली असती.

काय केलं

पहिली अडचण: जोडायला बटण होतं, तोडायला नव्हतं. सॉफ्टवेअरच्या पुरवठादाराशी बोलून, जिल्ह्याच्या परवानगीने ती जोडणी हाताने सोडवावी लागली. कुठली भेट कोणत्या लक्ष्मीची हे ठरवायला सॉफ्टवेअरचा काही उपयोग नव्हता. दोघींना ओळखणाऱ्या सिस्टर आणि आशाताई कागदी रजिस्टर घेऊन बसल्या आणि एकेक भेट वेगळी केली. ज्या रजिस्टरांना 'डिजिटल झाल्यावर बंद करा' असं सांगण्यात आलं होतं, तीच कामी आली. ती बंद न करणाऱ्या सिस्टरबद्दल अहवालात एक ओळ यायला हवी होती, ती आली नाही.

मग पुढे असं होऊ नये याची चर्चा. एकाचं म्हणणं, आभा सक्तीचा करा. ते टिकलं नाही: क्रमांक ऐच्छिक आहे, आणि या प्रकरणात आभा होताच. दुसऱ्याचं म्हणणं, सगळं तंतोतंत जुळल्याशिवाय सुचवूच नका. मग एकाच माणसाच्या चार-पाच नोंदी होतील. बीपी-साखरेच्या म्हाताऱ्या रुग्णांचा मागचा इतिहास दर वेळी कोरा. हा तोटा खरा आहे, पण तो डोळ्यांना दिसणारा आहे. जोडणी सुटली तर तपासणी पुन्हा होते, एक सुई जास्त टोचते, रुग्ण कुरकुरतो आणि आपल्याला कळतं. चुकीची जोडणी झाली तर सगळं सुरळीत दिसतं. दोन्ही चुका सारख्याच वजनाच्या धरणारं सॉफ्टवेअर दवाखान्यासाठी बनलेलंच नाही, असं माझं मत.

ठरलं ते असं. मोबाईल जुळला की यादी दाखवायची, पण 'या घरातली माणसं' म्हणून. जोडणीला किमान दोन अशा गोष्टी जुळल्या पाहिजेत ज्या घराच्या नाहीत, व्यक्तीच्या आहेत. आपल्याकडे बाईचं लग्नानंतर आडनाव बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, काही घरांत पाळण्यातलं नावही बदलतं. बदलत नाही ते आईचं नाव आणि जन्मगाव. या दोघी एकाच गावच्या, पण आया दोन जावा. 'आईचं नाव काय?' एवढं विचारलं असतं तर चिठ्ठीवरच उलगडा झाला असता. ते विचारायला वेळ लागत नाही, आणि हा प्रश्न मराठीत, कन्नडमध्ये, कोकणीत कुणालाही अवघड जात नाही. अडचण निघाली फॉर्मची: नवऱ्याच्या नावाला रकाना होता, आईच्या नावाला नव्हता. तो घालून घ्यायला जो पत्रव्यवहार झाला त्याचं वर्णन करत नाही.

रक्तगट, ॲलर्जी आणि आधीचं सिझेरियन या तीन गोष्टी जोडणीतून आपोआप कार्डावर उतरणार नाहीत, हेही ठरलं. त्या तपासणीच्या तारखेसह वेगळ्या दिसतील, आणि दोन ठिकाणचे निष्कर्ष वेगळे असतील तर दोन्ही दिसतील. 'ताजं ते खरं' हा नियम रक्तगटाला लावायचा नाही.

जे सुटलं नाही

दोन भेटींच्या मधल्या काळात लक्ष्मी शहरातल्या एका खासगी केंद्रात सोनोग्राफीला गेली होती. तिथे संमती मागितली गेली, भावाने फोनवर ती दिली, आणि जोडलेल्या सगळ्या नोंदींची प्रत तिकडे गेली, चुलत बहिणीच्या बाळंतपणासकट. जोडणी तोडल्यावर पुढे काही जाणार नाही. संमती काढून घेतली तरी पुढचंच थांबतं. आधी गेलेली प्रत त्यांच्या संगणकावर 'बी पॉझिटिव्ह' म्हणत राहणार. मूळ नोंद दुरुस्त झाली हे प्रत घेतलेल्याला आपणहून कळेल अशी सोय वापरातल्या कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. शेवटी फोन केला. त्यांनी शेरा लिहितो म्हटलं.

आणि दुसऱ्या लक्ष्मीला कुणी विचारलंच नव्हतं. तिची माहिती परक्या खात्यावर दिसली, बाहेर पाठवली गेली, आणि संमती दिली तिच्या चुलत भावाने, तीसुद्धा दुसऱ्याच बाईसाठी. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, पण अशा वेळी तिला कळवायचं कुणी, कुठल्या भाषेत, तिच्या कुठल्या नंबरवर? तिचा नंबरही तोच. आशाताई घरी जाऊन सांगून आल्या. ती हसली म्हणे, आणि आपल्या दुसऱ्या खेपेची चिठ्ठी नीट करून द्या म्हणाली.

लक्ष्मी बेळगावात बाळंत झाली. बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला, ७२ तासांच्या आत तिला दुसरं अँटी-डी मिळालं. बाळाच्या पहिल्या लसी कर्नाटकात झाल्या, पुढच्या चंदगडला होतील. बारसं व्हायच्या आधी बाळाची नोंद 'लक्ष्मीचं बाळ' अशीच झाली, आणि चुलत बहिणीचे दिवसही भरत आलेले आहेत. दोन्ही बाळांची नोंद आईच्या नावावर न बांधता आईच्या १२ अंकी आरसीएच क्रमांकावर (माता-बाल आरोग्याच्या नोंदणीचा क्रमांक) बांधायला सिस्टरनी सांगितलं आहे, आणि दोन्ही कार्डांच्या मागे पेन्सिलीने आजीचं नाव लिहून ठेवलं आहे: एकीच्या मागे थोरल्या जावेचं, दुसरीच्या मागे धाकटीचं.